विज्ञानकथा व विज्ञानपट, १९६१–७० मधील

विज्ञानातील ज्ञात वा संभाव्य तत्त्वांचा आधार घेऊन रचलेले कल्पित साहित्य म्हणजे विज्ञानकथा आणि त्याच प्रकारची वस्तू हाताळणारा चित्रपट म्हणजे विज्ञानपट. ह्या दोहोंच्या इतिहासात विसाव्या शतकाचे सातवे दशक हे मोठ्या स्थित्यंतराचे मानले जाते. दशकाच्या आरंभी अमेरिकेतील विज्ञानकथा ही मुख्यत्वे स्वस्त मासिकांतून, ठराविक वाचकवर्गासाठी लिहिली जात होती आणि प्रतिष्ठित समीक्षक तिची दखल क्वचितच घेत. दशक संपेपर्यंत ती विद्यापीठांतील वर्गांत, मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या सूचींत आणि बर्लिन व हॉलिवुड येथील पारितोषिकांच्या यादीत जाऊन पोहोचली. ह्या प्रवासात तिचा विषयही बदलला. यंत्र, ग्रह व प्रवास यांवरचे लक्ष कमी होऊन मन, समाज, भाषा, धर्म व सत्ता यांकडे ते वळले. हा बदल सर्वांना रुचला असे नाही. त्या काळातील पारितोषिकांमागे ‘विज्ञानकथा कोणाची व कशासाठी’ हा वाद सतत चालू असलेला दिसतो.

ह्या बदलाचे एक कारण विज्ञानाच्या प्रगतीतच होते. १९५७ साली पहिला कृत्रिम उपग्रह सोडण्यात आला, १२ एप्रिल १९६१ रोजी यूरी गागारिनने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अग्निबाण वर्तमानपत्रांच्या पहिल्या पृष्ठावर आल्यावर केवळ अग्निबाणाचे वर्णन करून वाचकाला चकित करणे अवघड झाले. दुसरीकडे ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबाच्या पेचप्रसंगाने अणुयुद्ध ही कल्पित गोष्ट राहिली नसल्याची जाणीव सर्वत्र झाली. तेव्हा भविष्यात काय शक्य होईल, यापेक्षा जे शक्य झाले आहे त्याचे माणूस काय करील, हा प्रश्न लेखकाला अधिक महत्त्वाचा वाटू लागला.

पारितोषिके : ह्या क्षेत्रातील सर्वांत जुने महत्त्वाचे पारितोषिक ह्यूगो हे होय. अमेझिंग स्टोरीज (१९२६) ह्या मासिकाचा संस्थापक ह्यूगो गर्न्सबॅक (१८८४–१९६७) याच्या नावाने ते ओळखले जाते. १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथील जागतिक विज्ञानकथा संमेलनात ते प्रथम देण्यात आले. त्याचा निर्णय संमेलनाचे सभासद, म्हणजे प्रामुख्याने चोखंदळ वाचक, मतदानाने करतात. १९६५ साली डेमन नाइट (१९२२–२००२) याच्या पुढाकाराने अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांची संघटना स्थापन झाली व पुढील वर्षापासून तिच्या सभासदांच्या मतांनी नेब्युला हे पारितोषिक देण्यात येऊ लागले. एकाचे परीक्षक वाचक, दुसऱ्याचे लेखक. दोन्ही निर्णय कधी जुळत, कधी नाही. १९६७ व १९६८ ह्या वर्षांतील प्रकाशित कादंबऱ्यांबाबत ते अजिबात जुळले नाहीत. ही तफावत ह्या काळाच्या अभ्यासकाला केवळ विजेत्यांच्या नावांपेक्षा अधिक सांगून जाते.

साहित्य : दशकाच्या उंबरठ्यावरच १९६१ चे ह्यूगो पारितोषिक वॉल्टर एम. मिलर (१९२३–९६) याच्या अ कँटिकल फॉर लीबोविट्स ह्या कादंबरीला मिळाले. अणुयुद्धानंतरच्या अंधारयुगात वाळवंटातील एका मठाचे संन्यासी जुन्या विज्ञानाचे अवशेष, त्यांचा अर्थ न कळताही, पिढ्यान्‌पिढ्या जतन करतात. शतके लोटल्यावर ते ज्ञान पुन्हा फळते आणि त्याबरोबर अस्त्रेही पुन्हा निर्माण होतात. दुसऱ्या महायुद्धात मॉंते कास्सीनो येथील प्राचीन मठावर झालेल्या बाँबहल्ल्यात मिलर स्वतः वैमानिक दलाचा सैनिक म्हणून सहभागी होता. कादंबरीतील पश्चात्तापाचा सूर त्या अनुभवाशी निगडित असल्याचे मानले जाते.

रॉबर्ट ए. हाइनलाइन (१९०७–८८) हा ह्या दशकातील सर्वांत लोकप्रिय लेखकांपैकी एक. मंगळवासीयांनी वाढविलेल्या मानवी तरुणाच्या दृष्टीतून अमेरिकन धर्म, मालमत्ता व विवाह यांची चिकित्सा करणारी त्याची स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड (१९६१) ही कादंबरी नेहमीच्या वाचकवर्गाबाहेर, विशेषतः महाविद्यालयीन तरुणांत, खूप वाचली गेली. तिला १९६२ चे ह्यूगो मिळाले. चंद्रावरील वसाहतीच्या बंडाची कथा सांगणाऱ्या द मून इज अ हार्श मिस्ट्रेस (१९६६) ह्या कादंबरीस १९६७ चे ह्यूगो मिळाले. पहिली कादंबरी बंधनमुक्त जीवनाचा पुरस्कार करणाऱ्यांनी आपलीशी केली, तर दुसरी शासनसत्तेचा संकोच मागणाऱ्यांनी. लेखकाला ह्या दोन्ही पंथांचा गुरू होण्याची फारशी हौस नव्हती. फिलिप के. डिक (१९२८–८२) याच्या द मॅन इन द हाय कॅसल (१९६२, ह्यूगो १९६३) ह्या कादंबरीत दुसरे महायुद्ध जर्मनी व जपान यांनी जिंकलेले आहे. तिच्यात भविष्यातील यंत्रे जवळजवळ नाहीतच. खरे काय व बनावट काय हा तिचा विषय. क्लिफर्ड सिमॅक (१९०४–८८) याची वे स्टेशन व फ्रिट्स लायबर (१९१०–९२) याची द वाँडरर ह्या अनुक्रमे १९६४ व १९६५ च्या ह्यूगोविजेत्या कादंबऱ्या. त्यांपैकी पहिली आजही वाचनीय वाटते.

फ्रँक हर्बर्ट (१९२०–८६) याच्या ड्यून (१९६५) ह्या कादंबरीने लोकप्रियता व मान्यता यांचा दुर्मिळ मेळ साधला. ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावरील सरकत्या वाळूच्या टेकड्या गवत लावून स्थिर करण्याच्या प्रयोगाविषयी लेख लिहिण्याच्या निमित्ताने हर्बर्टने ह्या विषयाचा अभ्यास सुरू केला होता. कादंबरीतील आराकिस हा ग्रह संपूर्ण वाळवंटी असून तेथे पाण्याचा एकेक थेंब मोलाचा आहे. मृताच्या शरीरातील पाणीही टोळीच्या मालकीचे समजले जाते. त्या ग्रहावरच मिळणाऱ्या एका द्रव्यावाचून आंतरग्रहीय दळणवळण अशक्य असल्याने साम्राज्याचे सर्व राजकारण त्याभोवती फिरते. परिस्थितिविज्ञान, खनिज संपत्तीवरील परकी सत्ता आणि अरबी-इस्लामी परंपरेतून घेतलेली धार्मिक परिभाषा यांची ह्या कादंबरीतील गुंफण त्या काळी अपूर्व होती. तारणहार म्हणून पुढे येणाऱ्या नायकाविषयी लेखकाच्या मनात गाढ अविश्वास आहे. अनेक वाचकांनी मात्र ती साध्या वीरकथेप्रमाणे वाचली. जॉन डब्ल्यू. कँबेल (१९१०–७१) संपादित करीत असलेल्या ॲनालॉग मासिकातून ती क्रमशः आली असली, तरी वीसहून अधिक प्रकाशकांनी ती नाकारली. शेवटी मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन ह्या संस्थेने ती छापली. कादंबरीचे पहिले नेब्युला पारितोषिक तिला मिळाले. १९६६ चे ह्यूगो तिला व रॉजर झेलाझ्नी (१९३७–९५) याच्या धिस इम्मॉर्टल ह्या कादंबरीला विभागून देण्यात आले.

डॅन्येल कीझ (१९२७–२०१४) याची फ्लॉवर्स फॉर ॲल्जर्नन ही रचना तीन रूपांत गाजली. लघुकथा म्हणून ती १९५९ मध्ये प्रसिद्ध होऊन १९६० च्या ह्यूगो पारितोषिकाची मानकरी ठरली, विस्तारित कादंबरीस (१९६६) नेब्युला विभागून मिळाले आणि तिच्यावरील चार्ली (१९६८) ह्या चित्रपटातील प्रमुख भूमिकेसाठी क्लिफ रॉबर्ट्‌सन यास उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर देण्यात आले. चार्ली गॉर्डन ह्या मंदबुद्धी तरुणावर शस्त्रक्रिया होऊन त्याची बुद्धी अलौकिक होते व काही काळाने ती पुन्हा ओसरते. सर्व कथा त्याने लिहिलेल्या टिपणांतून उलगडते. आरंभीचे अशुद्धलेखन, मधला काळ व्यापणारी विद्वज्जड भाषा व अखेरीस पुन्हा ढासळत जाणारी वाक्ये यांतून वाचक त्याचा उत्कर्ष व ऱ्हास जणू प्रत्यक्ष पाहतो. त्याच वर्षीच्या नेब्युलाचा दुसरा मानकरी सॅम्युएल आर. डिलेनी (१९४२– ) हा कृष्णवर्णीय तरुण लेखक होता. त्याच्या बाबेल-१७ (१९६६) मध्ये शत्रूची भाषा हेच अस्त्र आहे. ती शिकणाऱ्याची विचारपद्धतीच बदलते, ही कल्पना भाषाविज्ञानातून घेतलेली होती.

नवी लाट : १९६४ मध्ये मायकेल मूरकॉक (१९३९– ) हा लंडनच्या न्यू वर्ल्ड्‌स मासिकाचा संपादक झाला आणि त्याच्याभोवती प्रयोगशील लेखकांचा एक गट जमला. त्यांच्या लेखनास ‘नवी लाट’ असे नाव पडले. बाह्य अवकाशापेक्षा मनाच्या आतील अवकाशाचा शोध घ्यावा, असे जे. जी. बॅलर्ड (१९३०–२००९) याने १९६२ मध्येच प्रतिपादिले होते. द ड्राउन्ड वर्ल्ड (१९६२) व द क्रिस्टल वर्ल्ड (१९६६) ह्या त्याच्या कादंबऱ्यांत निसर्गाच्या विनाशापुढे माणूस झगडत नाही, उलट त्याकडे ओढला जातो. बॅलर्डला ह्यूगो वा नेब्युला कधीच मिळाले नाही आणि पारितोषिकांच्या याद्यांवर विसंबून ह्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अमेरिकेत हार्लन एलिसन (१९३४–२०१८) याने संपादिलेल्या डेंजरस व्हिजन्स (१९६७) ह्या संग्रहात मासिकांचे संपादक छापण्यास कचरतील अशा ३३ कथा होत्या. नव्या लाटेविरुद्ध जुन्या लेखकांनी दुर्बोधतेचा व निराशावादाचा आरोप केला. हा आरोप सर्वस्वी निराधार नव्हता. प्रयोगासाठी प्रयोग म्हणून लिहिलेल्या बऱ्याच कथा आता विस्मृतीत गेल्या आहेत. १९६८ मध्ये गॅलक्सी मासिकात व्हिएटनाम युद्धास पाठिंबा देणाऱ्या व विरोध करणाऱ्या लेखकांच्या नावांच्या दोन जाहिराती झळकल्या. हाइनलाइन पहिल्या यादीत होता, तर आयझॅक ॲसिमॉव्ह (१९२०–९२), डिक व उर्सुला ल ग्विन दुसरीत. वाङ्मयीन व राजकीय भेद अगदी एकाच रेषेने जात होते असे नाही, परंतु दुफळी उघड झाली होती.

दशकाच्या अखेरच्या तीन ह्यूगोविजेत्या कादंबऱ्या परस्परांहून अगदी भिन्न आहेत. झेलाझ्नीच्या लॉर्ड ऑफ लाइट (१९६७; ह्यूगो १९६८) मध्ये दूरच्या ग्रहावर वसाहत करणाऱ्या यानातील काही जणांनी यंत्रबळाने ब्रह्मा, यम, काली इ. देवतांची रूपे व शक्ती धारण केल्या आहेत. पुनर्जन्म यंत्राने दिला जातो व कोणाला कोणता देह मिळावा हे मनाची तपासणी करून ठरते. मुद्रणयंत्रासारखा शोध प्रजेने लावला, की देव तो चिरडून टाकतात. त्यांच्याविरुद्ध बुद्धाची भूमिका घेणारा नायक बंड करतो. भारतीय वाचकाला ह्यातील दैवतकथांचे ज्ञान वरवरचे वाटेल; तथापि ज्ञान व कर्मविपाकाची कल्पना हाती ठेवून सत्ता टिकविणाऱ्या वर्गाचे तिच्यातील चित्र मार्मिक आहे. ह्या कादंबरीच्या एका अपूर्ण चित्रपटाची पटकथा १९८० मध्ये तेहरानमधून सहा अमेरिकनांची सुटका करताना अमेरिकी गुप्तचर संघटनेने बहाणा म्हणून वापरली. जॉन ब्रनर (१९३४–९५) ह्या ब्रिटिश लेखकाची स्टँड ऑन झांझिबार (१९६८, ह्यूगो १९६९) ही २०१० सालातील सात अब्ज लोकसंख्येच्या जगाचे चित्र बातम्या, जाहिराती व संवादांचे तुकडे जोडून रंगविते. प्रत्यक्षात जगाची लोकसंख्या ह्या आकड्याला २०११ च्या सुमारास पोहोचली. उर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) हिच्या द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस (१९६९) ह्या कादंबरीस नेब्युला व १९७० चे ह्यूगो अशी दोन्ही पारितोषिके मिळाली. कादंबरीसाठी ह्यूगो मिळविणारी ती पहिली स्त्री होय. मानववंशशास्त्रज्ञ पित्याच्या ह्या कन्येने अशा एका हिमग्रहाची कल्पना केली, की जेथील माणसांना कायमचे लिंग नाही. महिन्यातून काही दिवसच कोणीही स्त्री वा पुरुष होऊ शकतो आणि त्यामुळे आई व बाप ह्या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या वाट्याला येऊ शकतात. त्या लोकांसाठी पुरुषवाचक सर्वनाम वापरल्याबद्दल तिच्यावर टीका झाली व पुढे तिने स्वतःही त्या निर्णयाचा फेरविचार केला.

इंग्रजीबाहेरील साहित्याला ही पारितोषिके जवळजवळ अगम्य होती. स्टानिस्लाव्ह लेम (१९२१–२००६) ह्या पोलिश लेखकाची सोलारिस (१९६१) ही ह्या दशकातील सर्वश्रेष्ठ विज्ञानकादंबऱ्यांपैकी एक. एका ग्रहाला व्यापणारा सजीव महासागर शास्त्रज्ञांच्या मनातील अपराधी स्मृतींना देह देऊन त्यांच्यासमोर उभा करतो, परंतु त्याचा हेतू अखेरपर्यंत कळत नाही. परक्या बुद्धीशी संवाद साधता येईलच ह्या रूढ गृहीतकालाच तिने धक्का दिला. तिचे इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये, तेही फ्रेंच भाषांतरावरून झाले. सोव्हिएट रशियात आर्कादी (१९२५–९१) व बोरिस (१९३३–२०१२) ह्या स्ट्रुगात्स्की बंधूंच्या ट्रूद्न बित् बोगम (१९६४, म. शी. देव होणे कठीण) ह्या कादंबरीत प्रगत पृथ्वीवरून मध्ययुगीन परग्रहावर गेलेल्या निरीक्षकाला तेथील विद्वानांची कत्तल पाहूनही हस्तक्षेप करण्यास बंदी आहे. तिचा रोख कोठे आहे, हे रशियन वाचकाला सांगावे लागले नाही.

चित्रपट : ह्या दशकातील महत्त्वाच्या विज्ञानपटांवर अणुयुद्धाची छाया आहे. क्रिस मार्केर (१९२१–२०१२) याच्या ला जते (१९६२) ह्या सुमारे २८ मिनिटांच्या फ्रेंच लघुपटात तिसऱ्या महायुद्धानंतर भुयारांत राहणाऱ्या एका माणसाला त्याच्या बालपणीच्या आठवणीच्या धाग्याने भूतकाळात पाठविले जाते. तो स्थिरचित्रांनी बनलेला असून झोपेतून डोळे उघडणाऱ्या स्त्रीचे एकच हलते दृश्य त्यात आहे. १९६३ मध्ये त्यास झां व्हिगो पारितोषिक मिळाले. स्टॅन्ली कूब्रिक (१९२८–९९) याच्या डॉ. स्ट्रेंजलव्ह (१९६४, ह्यूगो १९६५) मध्ये जगाचा अंत हा भीषण विनोदाचा विषय झाला. पीटर वॉटकिन्स याने बीबीसीसाठी बनविलेला द वॉर गेम (१९६५) हा इंग्लंडवरील अणुहल्ल्याचे वार्तापटाच्या शैलीत चित्रण करतो. तो फार भयानक ठरेल म्हणून त्याचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण रोखण्यात आले व ते १९८५ मध्येच होऊ शकले. चित्रपटगृहांत मात्र तो दाखविला गेला आणि त्यास उत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर मिळाले. न घडलेल्या घटनेच्या चित्रणाला वास्तवदर्शी पटाचे पारितोषिक मिळण्याचा हा प्रसंग विलक्षणच होय.

झां-ल्यूक गोदार (१९३०–२०२२) याच्या आल्फाव्हिल या चित्रपटाला १९६५ मध्ये बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल मिळाले. संगणकाच्या हुकमतीखालील नगर दाखविण्यासाठी त्याने एकही भविष्यकालीन नेपथ्य उभारले नाही. रात्रीचे समकालीन पॅरिसच त्याला पुरेसे वाटले. फ्रांस्वा त्र्यूफो (१९३२–८४) याने रे ब्रॅडबरीच्या कादंबरीवरून फॅरनहाइट ४५१ (१९६६) काढला. पुस्तके जाळणाऱ्या राज्याच्या ह्या कथेत श्रेयनामावलीही लिखित नसून वाचून दाखविली जाते. फँटास्टिक व्हॉयेज (१९६६) ह्या हॉलिवुड चित्रपटात सूक्ष्म केलेली पाणबुडी रुग्णाच्या रक्तवाहिनीतून प्रवास करते. कलादिग्दर्शन व दृश्यपरिणाम यांसाठी त्यास ऑस्कर मिळाले. शरीरातच सोडून दिलेली पाणबुडी पूर्ववत मोठी होऊन रुग्णाचा जीव घेईल, ही चित्रपटातील चूक ॲसिमॉव्हने त्याच्या कादंबरीरूपात दुरुस्त केली. प्लॅनेट ऑफ द एप्स (१९६८) हा प्येर बूल ह्या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवर (१९६३) आधारित असून त्याला मोठे व्यावसायिक यश लाभले. माकडांच्या रंगभूषेसाठी जॉन चेंबर्स यास विशेष ऑस्कर देण्यात आले.

२००१ : अ स्पेस ओडिसी (१९६८) हा ह्या दशकाचा सर्वांत प्रभावी विज्ञानपट. द सेंटिनल ह्या आपल्या जुन्या लघुकथेच्या आधारे आर्थर सी. क्लार्क (१९१७–२००८) याने कूब्रिकसह त्याची पटकथा लिहिली. तीच कथा क्लार्कने कादंबरीरूपातही त्याच वर्षी प्रसिद्ध केली. प्रागैतिहासिक वानरांपासून गुरूच्या दिशेने निघालेल्या यानापर्यंतचा पट त्यात उभा केला आहे. अवकाशातील नीरवता, वजनरहित अवस्था व फिरत्या चक्राने निर्माण केलेले कृत्रिम गुरुत्व यांचे चित्रण इतक्या काटेकोरपणे पूर्वी झाले नव्हते. यानाच्या अंतर्भागासाठी सु. १२ मी. व्यासाचे प्रत्यक्ष फिरणारे चक्र बांधण्यात आले. आरंभीचा बराच भाग संवादरहित आहे, आणि यानावरील हॅल हा संगणक सहप्रवाशांपेक्षा अधिक भावनाशील वाटतो. पहिल्या खेळानंतर कूब्रिकने चित्रपटातील सु. १९ मिनिटांचा भाग कापला. समीक्षकांत तीव्र मतभेद झाले. काहींना तो कंटाळवाणा वाटला. तरुण प्रेक्षकांनी मात्र तो पुन्हा पुन्हा पाहिला. दृश्यपरिणामांसाठी मिळालेले ऑस्कर हे कूब्रिकचे एकमेव ऑस्कर ठरले. १९६९ च्या ह्यूगो पारितोषिकासही तो पात्र ठरला.

अमेरिकन दूरचित्रवाणीवर रॉड सर्लिंगच्या द ट्वायलाइट झोन (१९५९–६४) ह्या मालिकेने १९६० ते १९६२ ह्या तिन्ही वर्षी नाट्यविभागाचे ह्यूगो मिळविले. जीन रॉडनबेरीच्या स्टार ट्रेक (१९६६–६९) ह्या मालिकेचे ७९ भाग झाले. प्रेक्षकसंख्या बेताची असूनही चाहत्यांच्या पत्रमोहिमेमुळे ती तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली आणि पुनःप्रक्षेपणांतून खरी लोकप्रिय झाली. १९७० च्या संमेलनात नाट्यविभागाचे ह्यूगो कोणत्याही कल्पित कलाकृतीला न देता अपोलो-११ च्या चंद्रावतरणाच्या दूरचित्रवाणी वार्तांकनाला देण्यात आले.

भारतात : ह्या दशकात भारतीय विज्ञानपट तुरळकच निघाले. तमिळमधील कलै अरसी (१९६३) व हिंदीतील चाँद पर चढाई (१९६७) हे रंजनप्रधान होते. बंगालीत सत्यजित राय यांनी संदेश ह्या मुलांच्या मासिकातून १९६१ पासून प्रोफेसर शंकू या शास्त्रज्ञाच्या कथा लिहिल्या. १९६७ मध्ये त्यांनी बंगालमधील खेड्यात उतरलेल्या परग्रहवासीयावर द एलियन ही पटकथा लिहिली. क्लार्कमार्फत तिची माहिती सिलोनमधील निर्माता माइक विल्सनपर्यंत पोहोचली व हॉलिवुडच्या कोलंबिया संस्थेशी बोलणी झाली, पण चित्रपट निघू शकला नाही. मराठीत नारायण धारप यांच्यासारखे लेखक विज्ञानकल्पित कथा लिहीत होते. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. तिच्याच विज्ञानकथास्पर्धेत १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ ह्या टोपणनावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ ह्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. तिचे लेखक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे केंब्रिज येथे फ्रेड हॉइल (१९१५–२००१) ह्या खगोलशास्त्रज्ञाचे विद्यार्थी व सहकारी होते. हॉइल हा स्वतः द ब्लॅक क्लाउड (१९५७) व ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट (१९६६) ह्या विज्ञानकादंबऱ्यांचा कर्ता होता.